आगीनंतर इमारतीची वीज तुटली, तर बिलाचा हिशेब कसा सांभाळायचा?

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत मीटर बहुतेक जिन्याखाली, लाकडी फळीवर असतात. वाकड, खराडी, हिंजवडीकडच्या सोसायट्यांत ते पार्किंगमधल्या मीटर रूममध्ये असतात आणि दारालगत दुचाक्या लावलेल्या असतात. दोन्हीकडे एका ठिकाणी पेट घेतला की इमारतभरची वीज एकदम जाते. मग धावपळ होते ती वीज परत आणण्यासाठी. बिलाचा विचार कोणाच्या मनात येत नाही, आणि तिथेच पुढच्या चार-सहा महिन्यांच्या कटकटीचे मूळ रुजते.

पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांनी आणि सोसायटीच्या कमिटीत नव्याने आलेल्यांनी एवढे पक्के लक्षात ठेवावे. आगीनंतरच्या बिलाचा सगळा वाद तीन नोंदींवर सुटतो : आगीआधीचे शेवटचे रीडिंग, पुरवठा तुटल्याची तारीख-वेळ आणि पुरवठा परत सुरू झाल्याची तारीख-वेळ. या तिन्ही नोंदी कागदावर असतील तर चुकीचे बिल दुरुस्त करून घेता येते. नसतील तर महावितरण सरासरी लावते, आणि ती चूक आहे हे सिद्ध करायला तुमच्या हातात काहीच उरत नाही.

पहिल्या दोन दिवसांत

आग विझली तरी मीटर रूममध्ये शिरू नका. पाण्याने भिजलेल्या पॅनलमध्ये आलेली केबल अजून जिवंत असू शकते. इमारतीचा मेन स्विच खाली ओढला म्हणून तिच्यातली वीज जात नाही, कारण ती केबल त्या स्विचच्या आधीची असते. पुरवठा रस्त्यावरच्या फीडर पिलरवरून (इमारतींना वीज वाटून देणाऱ्या पेटीवरून) किंवा ट्रान्सफॉर्मरवरून महावितरणच्याच माणसाने तोडायचा. अग्निशमनासाठी १०१, विजेसाठी १९१२. महावितरणच्या क्रमांकावर फोन केल्यावर मिळणारा तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पुरवठा किती वाजता बंद होता याचा तो पहिला पुरावा असतो, आणि तो त्यांच्याच यंत्रणेत नोंदलेला असतो.

नंतर, आत जायला परवानगी मिळाली की प्रत्येक मीटरचा फोटो काढा. मीटर क्रमांक आणि आकडे दोन्ही एकाच फोटोत आले पाहिजेत. वीज नसली तरी बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मीटरांचा पडदा बटण दाबल्यावर काही सेकंद उजळतो, कारण आत छोटी बॅटरी असते. पडदा उजळला नाही तर मीटर मेला असे समजू नका. रीडिंग आतल्या मेमरीत राहते आणि वीज आली की परत दिसते. काजळी पुसण्यासाठी ओले फडके वापरू नका.

जळालेले मीटर आणि केबलचे तुकडे भंगारात टाकू देऊ नका. मीटर महावितरणच्या मालकीचा आहे, तो पंचनामा करूनच काढला जातो. त्या पंचनाम्यात प्रत्येक मीटरचा क्रमांक, दिसत असल्यास रीडिंग, आणि ‘जळाला’ की ‘काजळलेला पण शाबूत’ अशी नोंद हवी. कमिटीने संयुक्त पाहणीचा आग्रह धरावा आणि कागदाची प्रत सही-शिक्क्यासह मागून घ्यावी. पंचनाम्यातले कारणाचे वाक्य सही करण्याआधी शांतपणे वाचा. मीटर ग्राहकाच्या दोषामुळे, म्हणजे जादा भाराने किंवा सदोष वायरिंगने जळाला असे ठरले, तर नव्या मीटरचा खर्च ग्राहकावर येतो. कारण अजून तपासात असेल तर तसेच लिहून घ्या.

अग्निशमन दलाकडून आगीचा अहवाल मिळवण्यासाठी लगेच अर्ज करा. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि कॅन्टोन्मेंट यांची दले वेगवेगळी आहेत. जे दल आले होते त्याच्याकडेच अर्ज जातो. विम्यालाही हाच कागद लागतो, म्हणून दोन-तीन साक्षांकित प्रती एकदमच घ्या.

तुमचे घर कोणत्या प्रकारात बसते?

एकाच इमारतीत, एकाच आगीत, शेजारशेजारच्या दोन घरांचे बिल वेगळ्या नियमाने निघते. हे न समजल्यामुळे ‘त्यांना कमी आले, मला जास्त का’ असे वाद होतात.

पहिला प्रकार : मीटर शाबूत, पण केबल किंवा पॅनल जळाले, किंवा सुरक्षेसाठी पुरवठा तोडला. इथे हिशेब सर्वांत सोपा आहे. मीटर थांबला तिथेच थांबला, पुढची युनिटे शून्य. अडचण येते ती रीडिंग घेणाऱ्याकडून. त्याला पडदा बंद दिसतो किंवा मीटर रूमला कुलूप असते, म्हणून तो ‘आर.एन.ए.’ (रीडिंग मिळाले नाही), ‘लॉक्ड’ किंवा ‘फॉल्टी’ असा शेरा मारतो आणि संगणक आपोआप सरासरी युनिटांचे बिल काढतो. अंधारात काढलेल्या महिन्याचे १८० युनिटांचे बिल येते ते असे. पुढे खरे रीडिंग आले की ही युनिटे वळती व्हायला हवीत, पण ‘फॉल्टी’ शेरा पडला असेल तर ते आपोआप होईलच असे धरून चालू नका.

दुसरा प्रकार : मीटरच जळाला. मग मागच्या रीडिंगपासून आगीच्या दिवसापर्यंतचा वापर कोणालाच मोजता येत नाही, तो सरासरीने धरावा लागतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेप्रमाणे सरासरी आधीच्या बारा महिन्यांच्या मोजलेल्या वापरावरून काढतात आणि ती जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठी लावता येते. पण सरासरी लावायची ती वीज खरोखर चालू होती त्या दिवसांसाठी. उदाहरण घ्या. शेवटचे रीडिंग ५ मार्चला, आग १७ मार्चला, नवा मीटर २ एप्रिलला. वर्षाची सरासरी महिना १५० युनिट, म्हणजे दिवसाला ५. मग ५ ते १७ मार्च या १२ दिवसांची ६० युनिटे द्यायची. १७ मार्च ते २ एप्रिल शून्य. त्यापुढे नवा मीटर सांगेल ते. बिलात सरळ १५० लागले असतील तर ९० युनिटे जादा आहेत.

मीटर स्मार्ट असेल, तर त्याने आगीआधी पाठवलेले शेवटचे रीडिंग महावितरणकडे असते, आणि मग सरासरी लावण्याची गरज फारच थोड्या तासांपुरती उरते. साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरातही वीज गेल्या-आल्याच्या नोंदी साठतात. मीटर अर्धवट जळाला असेल तर ‘प्रयोगशाळेत माहिती उतरवून घ्यावी’ अशी लेखी मागणी करा.

तिसरा प्रकार फक्त तुमच्याच फ्लॅटमधल्या आगीचा. मीटर खाली ठणठणीत असतो, आतली वायरिंग जळालेली असते. इथे महावितरणचे काम नाही. मीटरच्या पुढची वायरिंग तुमची जबाबदारी. पण दुरुस्ती होईपर्यंत मीटरजवळचा तुमचा स्विच खाली ठेवा आणि त्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढा.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. जोडणी कागदोपत्री चालू असेपर्यंत शून्य युनिटांनाही स्थिर आकार आणि त्यावरचे वीज शुल्क लागते. तेवढे बिल आले तर ते चुकीचे नाही, त्यासाठी भांडण्यात वेळ घालवू नका. इमारत कित्येक महिने राहण्याजोगी होणार नसेल, तर जोडणी कायमची बंद करण्याचा अर्ज देऊन सुरक्षा ठेव परत घेण्याचा मार्ग आहे. मात्र परत येताना नव्या जोडणीचा पूर्ण खटाटोप आणि शुल्क पडते. दोन-तीन महिन्यांच्या प्रश्नासाठी हे करू नये.

अर्ज कुठे, कसा

बिलावर वरच्या भागात बिलिंग युनिटपुढे उपविभागाचे नाव छापलेले असते. अर्ज तिथेच द्यायचा. रास्ता पेठेतले पॉवर हाऊस प्रसिद्ध असल्याने अनेकजण थेट तिकडे जातात आणि परत फिरतात. तिथल्या आणि गणेशखिंडच्या मंडल कार्यालयांकडे जायची वेळ वरच्या पातळीवर तक्रार नेतानाच येते. मीटर आणि केबलचे काम शाखा कार्यालयाचा अभियंता बघतो, बिलाची दुरुस्ती उपविभागाच्या बिलिंग विभागात होते. अर्जाची एक प्रत दोघांनाही द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. ईमेल किंवा अ‍ॅपवरची तक्रार ही भर समजा. पुढे तक्रार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे न्यावी लागली, तर शिक्का असलेला कागदच सर्वांत भक्कम ठरतो.

अर्ज लांबलचक नको. एवढा पुरतो :

“ग्राहक क्रमांक …, मीटर क्रमांक …. दि. … रोजी … वाजता इमारतीच्या मीटर रूममध्ये आग लागून वीजपुरवठा बंद झाला (तक्रार क्र. …). त्याआधीचे शेवटचे रीडिंग दि. … रोजी … असे आहे. पुरवठा सुरू होईपर्यंत सरासरी युनिटांचे बिल काढू नये. आगीच्या दिवसापर्यंतचा वापर दिवसांच्या प्रमाणात धरावा व बंद काळातील युनिटे शून्य धरावीत. पंचनामा, अग्निशमन अहवाल, फोटो व मागील बिल सोबत जोडले आहे.”

कमिटीने सर्व घरांची एक यादी करावी : फ्लॅट, बारा अंकी ग्राहक क्रमांक, जुना मीटर क्रमांक, शेवटचे रीडिंग, प्रकार. नवा मीटर क्रमांक, त्याचे सुरुवातीचे रीडिंग आणि तारीख यांसाठी तीन रकाने मोकळे ठेवावेत. तरीही प्रत्येक घराने आपला स्वतंत्र अर्ज द्यावा, कारण बिल दुरुस्ती ग्राहक क्रमांकावरच होते.

बिल बँकेतून आपोआप वळते होत असेल तर ती सोय त्या दिवशीच थांबवा. सरासरीचे पैसे एकदा गेले की ते परत येत नाहीत, पुढच्या बिलांत हळूहळू वळते होतात.

वीज परत येईपर्यंत

याच काळात माणसे नकळत गुन्ह्याच्या कडेला जातात. शेजारच्या इमारतीतून वायर ओढणे, कॉमन मीटरवरून चार फ्लॅट चालवणे किंवा वायरमनकडून मीटर वगळून ‘डायरेक्ट’ करून घेणे, हे सगळे अडचणीत आणणारे आहे. ज्या जागेसाठी जोडणी मंजूर आहे तिच्याबाहेर वीज वापरणे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. मीटर टाळून घेतलेली वीज कलम १३५ खाली चोरीत मोडते. पंप आणि जिन्यातले दिवे चालवायचे असतील तर सोसायटीच्या नावाने तात्पुरती जोडणी मागा. तिचा दर घरगुतीपेक्षा चढा असतो, तेव्हा त्या बिलाची वाटणी कशी करायची हे आधीच ठरावात लिहा. जनरेटर आणलात तर तो चेंजओव्हर स्विचमधूनच जोडा, म्हणजे एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडला जातो. तसे न केल्यास वीज उलटी रस्त्यावरच्या लाईनमध्ये जाते आणि तिथे काम करणाऱ्या लाईनमनचा जीव जाऊ शकतो.

जळालेला मीटर शहरी भागात जास्तीत जास्त २४ तासांत बदलावा, असे केंद्राचे २०२० चे वीजग्राहक हक्क नियम सांगतात. पण पॅनलच राख झाले असेल तर मीटर बसवायला जागा नसते, आणि पॅनल, बसबार (पॅनलमध्ये वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्या), मीटर रूम हे सोसायटीने उभे करायचे असते. म्हणून परवानाधारक विद्युत ठेकेदार पहिल्याच आठवड्यात ठरवा. त्याने पाचशे व्होल्टच्या मेगरने (वायरीचे इन्सुलेशन तपासण्याच्या यंत्राने) प्रत्येक घराची लाईन तपासावी. इन्सुलेशन निदान एक मेगाओहम हवे. आगीचे पाणी पाइपांत मुरलेले असते, त्यामुळे पहिल्या चाचणीत बरीच घरे नापास होतात. दोन-तीन दिवस सुकू देऊन परत तपासले की त्यातली काही सुटतात. उरलेल्यांची वायर बदलावीच लागते. प्रत्येक घरात तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) याच वेळी बसवून घ्या. ठेकेदाराचा चाचणी अहवाल शाखा कार्यालयात दिल्याशिवाय पुरवठा सुरू होत नाही. इमारत पंधरा मीटरपेक्षा उंच असेल आणि पुरवठा सहा महिने किंवा जास्त बंद राहिला असेल, तर विद्युत निरीक्षकांना निदान तीस दिवस आधी लेखी सूचना देऊन तपासणीही करून घ्यावी लागते. सहा महिन्यांची ही रेषा ओलांडू नये म्हणून कामाचे वेळापत्रक आखा.

वीज आली त्या दिवशी

या दिवशीच्या अर्ध्या तासाच्या तपासणीने वर्षभराचे वाद टळतात. नव्या मीटरचा क्रमांक आणि सुरुवातीचे रीडिंग फोटोत घ्या. मीटर बदली अहवालाची प्रत मागा. त्यात जुन्या मीटरचे शेवटचे आणि नव्याचे पहिले रीडिंग असते. पुरवठा सुरू झाल्याची वेळ त्यावर लिहून घ्या.

मग मीटर आणि घर यांची जोडी तपासा. चाळीस घरांच्या वायरी घाईत जोडताना दोन घरांची अदलाबदल अगदी सहज होते. आपल्या घरातला मेन स्विच बंद करा. मीटरवरचा लुकलुकणारा दिवा थांबला पाहिजे. मग एक हजार वॅटची इस्त्री लावा आणि मिनिटभर त्या दिव्याचे ठिपके, म्हणजे तो किती वेळा लुकलुकतो ते, मोजा. मीटरवर युनिटला ३२०० ठिपके असे छापलेले असेल तर मिनिटाला साधारण ५३ यायला हवेत. इस्त्री तापून थर्मोस्टॅटने मध्येच वीज तोडली तर आकडा कमी भरेल, म्हणून ती गरम होत असतानाच मोजा.

न्यूट्रलची अदलाबदल याहून फसवी असते. फेज (वीज आणणारी तार) आपल्या मीटरमधून आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) शेजाऱ्याच्या मीटरमधून गेले तर घर नीट चालते, कोणाला काही जाणवत नाही. पण सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा प्रवाह मोजतात आणि दोहोंपैकी जास्त असेल तो धरतात. त्यामुळे शेजारी एसी लावतो आणि युनिटे तुमच्याही मीटरवर चढतात. मीटरवर ‘अर्थ’चा दिवा किंवा खूण सतत दिसत असेल तर आधी हाच संशय घ्या. सॉकेटवर व्होल्टेज २३० च्या आसपास आहे का तेही बघा. २८०-३०० दिसले तर न्यूट्रल सुटलेले आहे. लगेच मेन स्विच बंद करा, नाहीतर फ्रिज-टीव्ही जातील.

पुढची तीन बिले

पहिल्या बिलात सर्वांत आधी मीटर क्रमांक बघा. जुनाच छापलेला असेल तर बदली अहवाल संगणकात चढलेला नाही. ही आगीनंतरची सर्वांत नेहमीची चूक आहे. नवा मीटर चालू असतो, बिलावर मात्र ‘फॉल्टी’ आणि सरासरी. तीन-चार महिन्यांनी नोंद चढली की साठलेली सगळी युनिटे एकाच बिलात कोसळतात.

असे एकत्रित बिल आले तर टप्पे तपासा. घरगुती दराचे टप्पे महिन्याचे आहेत : पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग, त्यापुढे सर्वांत महाग. तीन महिन्यांची ४२० युनिटे म्हणजे महिना १४०. म्हणजे ३०० युनिटे पहिल्या टप्प्यात आणि १२० दुसऱ्या टप्प्यात पडली पाहिजेत. सगळी एकाच महिन्याची धरली तर १०० पहिल्यात, २०० दुसऱ्यात आणि १२० तिसऱ्यात जातात. युनिटे बरोबर, रक्कम चूक. वरवर बघणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. शिवाय आधी भरलेली सरासरीची बिले ‘समायोजित’ रकमेत वजा दिसली पाहिजेत, आणि वादातल्या रकमेवर लागलेला १.२५ टक्के विलंब आकार व व्याज दुरुस्तीबरोबर निघाले पाहिजे.

छतावर सौर पॅनल असलेल्यांसाठी : लाईन बंद असताना इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, त्यामुळे त्या दिवसांचे निर्यात युनिट मिळत नाहीत. पण आगीआधी जमा असलेली युनिटे नव्या नेट मीटरच्या (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरच्या) खात्यात पुढे ओढली आहेत का ते बघा.

भाडेकरूंनी बिल घरमालकाच्या नावे असले तरी फोटो आणि तारखा स्वतः ठेवाव्यात आणि मालकाकडून अर्जासाठी अधिकारपत्र घ्यावे. घर सोडताना सरासरीचे बिल निस्तरलेले नसेल, तर अनामतीतून किती कापायचे हे वर सांगितलेल्या दिवसांच्या हिशेबानेच ठरवा.

दुरुस्ती होत नसेल तर

बिल न भरता बसू नका, आणि सगळे भरूनही मोकळे होऊ नका. विद्युत कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. पावतीबरोबर तसे पत्र द्या, नुसती ऑनलाइन रक्कम भरून निषेध नोंदवला जात नाही.

उपविभागाने दाद दिली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज हवा, वकील लागत नाही. तिथला आदेश पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे जायचे. पुण्याची प्रकरणे मुंबईच्या लोकपालांकडे जातात. अर्जाला रीडिंगचे फोटो, पंचनामा, बदली अहवाल आणि दिवसवार हिशेबाचा एक तक्ता जोडा. आगीमुळे वीज किती दिवस गेली याची भरपाई मागू नका, कारण महावितरणच्या आवाक्याबाहेरच्या घटनेला ती सहसा मिळत नाही. मागणी मोजकी ठेवा : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची इतकी युनिटे कमी करा, त्यावरचा विलंब आकार आणि व्याज काढा, आणि सुधारित बिल द्या.